बुद्धिबळाच्या पटावरील वीस अंकी संख्या

बुद्धिबळाच्या पटावरील पहिल्या घरात धान्याचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, अशा रीतीने प्रत्येक घरात आधीच्या दुप्पट दाणे ठेवत गेल्यास चौसष्ट घरांत मिळून किती दाणे होतील, हे कोडे शाळेत असताना बहुतेकांनी ऐकलेले असते. त्याचे उत्तर मात्र फार थोड्यांच्या लक्षात राहते. ते उत्तर आहे १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५.

वीस अंकांची ही संख्या केवळ कोड्याचे उत्तर नव्हे. तिच्या पोटात दडलेले मूळ अवयव शोधताना गणितातील एका थोर पुरुषाचा अंदाज चुकीचा ठरला. त्यांतील काही अवयवांवरून पट्टी व कंपासने कोणत्या बहुभुजाकृती काढता येतात, याचा निर्णय लागला. आज संगणक ज्या चौसष्ट बिटांच्या चौकटीत मोजदाद करतो, तिची कमाल मर्यादाही हीच संख्या आहे. तिचाच एक अवयव इंटरनेटवरील सुरक्षित व्यवहारांत दररोज वापरला जातो.

आख्यायिका आणि हिशेब

बुद्धिबळाचा खेळ शोधून काढणाऱ्या सिस्सा नावाच्या विद्वानावर राजा प्रसन्न झाला आणि ‘हवे ते माग’ म्हणाला. सिस्साने वरील हिशेबाने धान्य मागितले. राजाला ती मागणी क्षुल्लक वाटली आणि नंतर राज्याची सारी कोठारे अपुरी पडली, अशी ही आख्यायिका आहे. तेराव्या शतकातील अरबी चरित्रकार इब्न खल्लिकान याने ती नोंदवून ठेवली आहे. संख्या मात्र त्याहून जुनी आहे. अल् बिरुनीने इसवी सन १००० च्या सुमारास लिहिलेल्या कालगणनेवरील ग्रंथात ती शेवटच्या अंकापर्यंत अचूक दिली आहे.

अल् बिरुनीने चौसष्ट घरांची बेरीज एकेक करून केली नाही. १ पासून सुरू होणाऱ्या दुपटीच्या श्रेढीत पहिल्या कितीही पदांची बेरीज ही पुढच्या पदापेक्षा एकाने कमी असते. १, २ आणि ४ यांची बेरीज ७ होते आणि पुढचे पद ८ असते. त्यामुळे चौसष्ट घरांची बेरीज म्हणजे, पटाला पासष्टावे घर असते तर त्यात जितके दाणे पडले असते, त्याहून एक कमी. ते पासष्टावे पद म्हणजे २ चा ६४ वा घात, अर्थात १६ चा १६ वा घात. तो काढण्यासाठी चार वेळा वर्ग करणे पुरेसे आहे. १६ चा वर्ग २५६, त्याचा वर्ग ६५,५३६, त्याचा वर्ग ४,२९,४९,६७,२९६ आणि त्याचा पुन्हा वर्ग केला की १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६ मिळतात. त्यातून एक वजा केला की काम झाले. वर्ग करत करत मोठा घात गाठण्याची ही युक्ती भारतात आणखी जुनी आहे. प्राचीन छंदशास्त्रकार पिंगलाने ती सूत्ररूपाने सांगितली आहे. छंदात लघू व गुरू अक्षरांच्या किती रचना होतात, हे मोजण्यासाठी त्याला २ चे घात हवे होते.

प्रत्यक्षात हे धान्य किती? गव्हाच्या एक हजार दाण्यांचे वजन ४० ग्रॅम धरले, तर पटावरील गहू सुमारे ७३ हजार ७८७ कोटी टन भरतो. अलीकडच्या काळात जगात वर्षाला सुमारे ८० कोटी टन गहू पिकतो. म्हणजे राजाला साऱ्या जगाचे आजचे पीक नऊशे वर्षांहून अधिक काळ सिस्साच्या दारात ओतावे लागले असते.

संख्या वाचायची कशी?

लाख आणि कोटी एवढ्याच शब्दांच्या आधारे ही संख्या वाचू लागल्यास ‘१ लाख ८४ हजार ४६७ कोटी कोटी’ अशी सुरुवात करावी लागते. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये रचलेल्या ‘लीलावती’त मात्र प्रत्येक स्थानाला स्वतंत्र नाव आहे. एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि परार्ध अशी ती अठरा नावे. शेवटचे परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. या नावांनी पटावरील दाणे मोजले तर ते १८४ परार्ध, ४ मध्य, ६ अंत्य, ७ जलधी, ४ शंकू, ४ महापद्म, ७ खर्व, ३ अब्ज, ७ अर्बुद, ९ प्रयुत, ५ लक्ष, ५ अयुत, १ सहस्र, ६ शत, १ दश आणि ५ इतके होतात. निखर्वाच्या आणि कोटीच्या स्थानी शून्य आहे. परार्धालाही पुरून उरणारी अशी ही संख्या आहे.

‘लीलावती’त दुपटीचेही एक उदाहरण आहे. एका दात्याने याचकाला पहिल्या दिवशी दोन कवड्या दिल्या आणि रोज दुप्पट देण्याचे कबूल केले, तर महिन्याभरात त्याने किती निष्क दिले, असा तो प्रश्न. उत्तर २,१४,७४,८३,६४६ कवड्या, म्हणजे १,०४,८५७ निष्क आणि वर थोडी चिल्लर. ही संख्या लक्षात ठेवण्याजोगी आहे. तिच्यात एक मिळवला की जी संख्या होते, तिने आठशे वर्षांनंतर संगणकतज्ज्ञांना अडचणीत आणले. तो भाग पुढे येईल.

भास्कराचार्यांच्या घराण्याची माहिती देणारा शिलालेख जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. त्यांच्या ग्रंथांचे अध्यापन व्हावे म्हणून नातू चांगदेव याने तेथे मठ स्थापला, असे त्यावरून कळते. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख अभ्यासकांच्या नजरेस आणला.

सात मूळ अवयव

वीस अंकी संख्येचे अवयव पाडणे हे साधारणपणे हाताने करण्याचे काम नव्हे. या संख्येची रचनाच अशी आहे की, शाळेतील एक सूत्र पुरेसे ठरते. कोणत्याही वर्गातून एक वजा केल्यास येणारी संख्या ही वर्गमुळाच्या मागच्या आणि पुढच्या संख्यांचा गुणाकार असते. १६ मधून एक वजा केला की १५, म्हणजे ३ गुणिले ५. २५६ मधून एक वजा केला की २५५, म्हणजे १५ गुणिले १७. ६५,५३६ मधून एक वजा केला की ६५,५३५, म्हणजे २५५ गुणिले २५७. याच पायऱ्या चढत गेल्यास पटावरील संख्या ३, ५, १७, २५७, ६५,५३७ आणि ४,२९,४९,६७,२९७ या सहा संख्यांचा गुणाकार असल्याचे दिसते.

यांतील पहिल्या पाच मूळ संख्या आहेत. म्हणजे १ आणि ती स्वतः यांखेरीज कोणत्याही संख्येने त्यांना नि:शेष भाग जात नाही. सहावीचे काय, हा प्रश्न जवळजवळ शंभर वर्षे अनुत्तरित होता.

फ्रेंच गणिती पिएर द फर्मा याने १६४० मध्ये या मालिकेकडे लक्ष वेधले. २ चे १, २, ४, ८, १६, ३२ असे घात घेऊन त्यांत एक मिळवला की या संख्या तयार होतात. पहिल्या पाच मूळ असल्याचे पाहून मालिकेतील सर्वच संख्या मूळ असाव्यात, असे त्याने मत दिले. सिद्धता आपल्याजवळ नसल्याचेही त्याने कबूल केले होते. १७२९ च्या अखेरीस गोल्डबाख याने पत्र लिहून या अंदाजाकडे सेंट पीटर्सबर्गमधील तरुण गणिती लेओनार्ड ऑयलर याचे लक्ष वेधले. ऑयलरने १७३२ मध्ये उत्तर दिले. सहावी संख्या मूळ नाही. ती ६४१ आणि ६७,००,४१७ यांचा गुणाकार आहे.

ऑयलरने दिसेल त्या संख्येने भाग देऊन पाहिला नव्हता. या संख्येला मूळ अवयव असलाच, तर त्याला ६४ ने भागल्यावर बाकी १ उरली पाहिजे, असे त्याने ओळखले. ही अट पाळणाऱ्या मूळ संख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१ अशा आहेत. पाचव्याच प्रयत्नात भागाकार नि:शेष झाला. फर्मासारख्या गणितज्ञाच्या मताला पाच उदाहरणांचा आधार होता आणि सहावे उदाहरण विरुद्ध गेले. चार-पाच वेळा खरे ठरले म्हणून नेहमीच खरे ठरेल, असे गणितात म्हणता येत नाही, याचा हा दाखला आजही वर्गावर्गांतून दिला जातो. ६५,५३७ च्या पुढे या मालिकेतील एकही मूळ संख्या आजवर सापडलेली नाही.

अशा रीतीने पटावरील संख्येचे सात मूळ अवयव होतात : ३, ५, १७, २५७, ६४१, ६५,५३७ आणि ६७,००,४१७. यांतील एकही दुसऱ्यांदा येत नाही. त्यामुळे या संख्येचे एकूण विभाजक २ चा सातवा घात, म्हणजे १२८ आहेत. त्यांच्या जोड्या लावल्यास ही संख्या दोन संख्यांच्या गुणाकाराच्या रूपात नेमक्या ६४ प्रकारे मांडता येते. पटावरील घरेही तितकीच आहेत.

पट्टी, कंपास आणि मेरुप्रस्तार

३० मार्च १७९६ रोजी, वयाची १९ वर्षेही पूर्ण झालेली नसताना, कार्ल फ्रीडरिश गाउस याने केवळ पट्टी व कंपास वापरून सतरा समान बाजूंची सुसम आकृती काढता येते, हे सिद्ध केले. ग्रीकांच्या काळापासून त्रिकोण, पंचकोन आणि त्यांच्यापासून बनणाऱ्या आकृत्याच तेवढ्या साधल्या होत्या. गाउसने पुढे सर्वसाधारण नियम दिला आणि त्याची उलट बाजू १८३७ मध्ये वान्त्सेल याने सिद्ध केली. बाजूंची संख्या विषम असेल, तर ती वेगवेगळ्या फर्मा मूळ संख्यांचा गुणाकार असली पाहिजे, असा तो नियम आहे.

ज्ञात फर्मा मूळ संख्या पाचच आहेत आणि त्या पाचही पटावरील संख्येच्या अवयवांत आहेत. त्यांच्यापासून ३१ विषम बाजूंच्या आकृत्या तयार होतात. सर्वांत मोठीला ४,२९,४९,६७,२९५ बाजू असतात. ही संख्या म्हणजे पटाच्या पहिल्या ३२ घरांतील दाण्यांची बेरीज होय. कागदावर असली आकृती वर्तुळापासून वेगळी ओळखता येणार नाही, हा भाग निराळा. योहान हेर्मेस या जर्मन गणितज्ञाने ६५,५३७ बाजूंच्या आकृतीची रीत तयार करण्यासाठी दहा वर्षे खर्ची घातली आणि १८९४ मध्ये ते काम पूर्ण केले. त्याचे हस्तलिखित ग्योटिंगेन येथे जतन केले गेले.

याच ३१ संख्या भारतीय परंपरेतील मेरुप्रस्तारातही दिसतात. हा त्रिकोणी कोष्टकाचा प्रकार पिंगलाच्या सूत्रांवर दहाव्या शतकात टीका लिहिणाऱ्या हलायुधाने स्पष्ट केला आहे. पाश्चात्त्य जगात तो पास्कलचा त्रिकोण म्हणून ओळखला जातो. वरच्या टोकाला १, प्रत्येक ओळीच्या दोन्ही टोकांना १ आणि मधल्या प्रत्येक घरात वरच्या दोन घरांची बेरीज, असा तो मांडायचा. आता विषम संख्येच्या जागी १ आणि सम संख्येच्या जागी ० लिहून प्रत्येक ओळ द्विमान पद्धतीने वाचली, तर क्रमाने १, ३, ५, १५, १७, ५१, ८५, २५५, २५७ अशा संख्या मिळतात. पहिल्या ३२ ओळींतील १ वगळता उरलेल्या ३१ संख्या त्याच आकृत्यांच्या बाजू सांगतात. चौसष्टाव्या ओळीत एकही सम संख्या नसते. तेथे सलग चौसष्ट १ येतात आणि ती ओळ म्हणजेच पटावरील दाण्यांची संख्या.

काशीतील मनोऱ्याची दंतकथा

फ्रेंच गणिती एदुआर ल्युका याने १८८३ मध्ये टोपणनावाने एक खेळ बाजारात आणला. तीन खुंट्या आणि एकावर एक रचलेल्या लहान-मोठ्या चकत्या. एका वेळी एकच चकती हलवायची, लहान चकतीवर मोठी ठेवायची नाही आणि सारी रास दुसऱ्या खुंटीवर न्यायची. या खेळासोबत एक कथाही पसरली. काशीच्या मंदिरात सोन्याच्या ६४ चकत्या असून पुजारी त्या अहोरात्र हलवीत असतात. काम संपेल तेव्हा जगाचा अंत होईल, असे तीत म्हटले होते. असे मंदिर काशीत नाही. ही कथा युरोपात रचली गेली होती.

हिशेब मात्र खरा आहे. तीन चकत्यांना किमान ७, चारांना १५, तर ६४ चकत्यांना पटावरील दाण्यांइतक्या चाली लागतात. दर सेकंदाला एक चाल केली तरी सुमारे ५८ हजार ५०० कोटी वर्षे लागतील. विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे मानले जाते. म्हणजे आजवर लोटला त्याच्या चाळीस पटींहून अधिक काळ.

शेजारी किती निराळे!

या संख्येच्या शेजारी तिच्याइतक्याच मोठ्या दोन संख्या आहेत. पुढची, ६१६ ने संपणारी, केवळ २ च्या गुणाकाराने बनते. तिला दुसरा मूळ अवयवच नाही. त्यापुढची, ६१७ ने संपणारी, ही फर्माच्या मालिकेतील सातवी संख्या. वर्गातून एक वजा करण्याचे सोपे सूत्र तिला लागू पडत नाही, कारण ती वर्गाहून एकाने जास्त आहे. तिचे अवयव थॉमस क्लाउसेन याने गाउसला १८५५ मध्ये लिहिलेल्या पत्रात कळवले होते. पण ती गोष्ट जगासमोर आली नाही. फोर्च्युने लँड्री याने १८८० मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी, ते स्वतंत्रपणे शोधून प्रसिद्ध केले. ते आहेत २,७४,१७७ आणि ६,७२,८०,४२,१३,१०,७२१.

एकीचे सात अवयव एका कागदावर पडतात आणि तिच्यापासून दोनच घरे दूर असलेलीचे दोन अवयव मिळायला फर्मापासून दोनशे वर्षांहून अधिक काळ जावा लागतो. मालिकेतील पुढची, ३९ अंकी संख्या तर १९७० मध्ये संगणकाच्या मदतीनेच फुटली. संख्या मोठी आहे एवढ्यावरून ती फोडणे अवघड, असे ठरत नाही; तिची घडण कशी आहे, यावर ते अवलंबून असते. आजची संगणकीय सुरक्षितता याच फरकावर उभी आहे.

संगणकाच्या पाटीवरची शेवटची संख्या

संगणक ० आणि १ या दोन अंकांत मोजतो. आज वापरात असलेले बहुतेक संगणक आणि मोबाइल एका वेळी ६४ बिटांची संख्या हाताळतात. ऋण संख्या नकोच असतील, तर ६४ जागांत ६४ वेळा १ लिहिल्यावर येणारी कमाल संख्या म्हणजे पटावरील दाण्यांची बेरीज. तिच्यात आणखी एक मिळवला की मोटारीचा मीटर ९९,९९९ वरून शून्यावर यावा, तसे सगळे अंक पुन्हा शून्य होतात. एक बिट चिन्हासाठी राखून ठेवल्यास मर्यादा निम्म्यावर, ९२,२३,३७,२०,३६,८५,४७,७५,८०७ वर येते.

ही मर्यादा इतकी दूर का ठेवावी लागली, ते आधीच्या लहान मर्यादांच्या अनुभवावरून कळते. ४ जून १९९६ रोजी एरियान ५ हे युरोपीय अग्निबाण आपल्या पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत भरकटले आणि नष्ट झाले. त्याबरोबर चार वैज्ञानिक उपग्रहही गेले. आधीच्या, कमी वेगाच्या अग्निबाणासाठी लिहिलेली आज्ञावली तशीच वापरली होती आणि तिने ६४ बिटांतील एक मोजमाप १६ बिटांच्या जागेत भरण्याचा प्रयत्न केला. त्या जागेत ३२,७६७ हून मोठी संख्या मावत नव्हती.

३२ बिटांची मर्यादा २,१४,७४,८३,६४७ आहे. ‘लीलावती’तील कवड्यांपेक्षा ती बरोबर एकाने जास्त. ही संख्या मूळ असल्याचे ऑयलरनेच १७७२ मध्ये दाखवून दिले होते. डिसेंबर २०१४ मध्ये ‘गंगनम स्टाइल’ या गाण्याची प्रेक्षकसंख्या तिच्यापलीकडे जाण्याच्या बेतात आल्याने यूट्यूबने आपला गणक ६४ बिटांचा केला. हा प्रसंग गमतीचा ठरला. पुढचा तसा नाही. अनेक संगणकप्रणाली १ जानेवारी १९७० पासून लोटलेल्या सेकंदांत वेळ मोजतात. ज्या जुन्या यंत्रांत ही मोजणी अजून ३२ बिटांत होते, त्यांच्या घड्याळात १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी जागा संपेल. पुढच्या सेकंदाला ती डिसेंबर १९०१ मधील तारीख दाखवू लागतील. संगणक सहज बदलता येतो. परंतु कारखान्यांतील यंत्रे, वाहने आणि उपकरणे यांच्या आत बसवलेल्या चिप वर्षानुवर्षे तशाच राहतात. खरी काळजी त्यांचीच आहे. सेकंदांची मोजणी ६४ बिटांत केल्यास अशी वेळ २९ हजार कोटी वर्षांनंतर येईल.

किल्ली किती मोठी हवी?

संदेश गुप्त ठेवण्यासाठी वापरायची संगणकीय किल्ली ६४ बिटांची असेल, तर पटावरील दाण्यांहून एकाने अधिक इतक्या किल्ल्या शक्य असतात. एकेक लावून पाहायचे तर जन्म पुरणार नाही, असे कोणालाही वाटेल. अशा एका किल्लीने बंद केलेला संदेश उघडण्याचे जाहीर आव्हान १९९७ मध्ये देण्यात आले होते. इंटरनेटने जोडलेल्या तीन लाखांहून अधिक स्वयंसेवकांनी आपल्या संगणकांचा फावला वेळ त्यासाठी दिला आणि १,७५७ दिवसांनंतर, जुलै २००२ मध्ये, किल्ली सापडली. माणसाच्या नजरेला अथांग वाटणारी संख्या एकत्र जोडलेल्या यंत्रांना पाच वर्षांतच पार करता आली.

म्हणून आता किमान १२८ बिटांच्या किल्ल्या वापरल्या जातात. हे ६४ च्या दुप्पट नव्हे. पटावरील प्रत्येक दाण्यामागे आणखी एक भरलेला पट मांडावा, इतकी ती वाढ आहे.

बँकेचे संकेतस्थळ उघडताना किंवा खरेदीचे पैसे चुकते करताना याच संख्येचा एक अवयव अनेकदा उपयोगी पडतो. रिव्हेस्ट, शमीर आणि अ‍ॅडलमन यांनी १९७७ मध्ये शोधलेल्या आरएसए पद्धतीत संदेशाला एका ठरावीक घातापर्यंत न्यावे लागते. तो घातांक म्हणून बहुतेक ठिकाणी ६५,५३७ घेतला जातो. द्विमान पद्धतीत त्याच्या दोन टोकांना १ आणि मध्ये पंधरा शून्ये असतात. त्यामुळे सोळा वेळा वर्ग आणि एक गुणाकार एवढ्यावर काम भागते. पिंगलाने सांगितलेली आणि अल् बिरुनीने वापरलेली युक्ती ती हीच.

या पद्धतीचे कुलूप मात्र ६५,५३७ मध्ये नसते. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार जाहीर केलेला असतो आणि त्याचे अवयव कोणाला पाडता येत नाहीत, यावर सारी भिस्त असते. २५० अंकांची अशी एक संख्या फेब्रुवारी २०२० मध्ये असंख्य संगणकांच्या साह्याने फोडण्यात आली. प्रत्यक्ष व्यवहारांत सहाशेहून अधिक अंकांच्या संख्या वापरतात. पुंज संगणक पुरेसे मोठे झाले, तर हे काम झटपट करण्याची रीत पीटर शोर याने १९९४ मध्येच दाखवून ठेवली आहे. म्हणूनच अमेरिकेच्या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये अवयवांवर अवलंबून नसलेल्या नव्या पद्धतींची मानके जाहीर केली.

सिस्साच्या राजाची चूक एवढीच होती की, दुपटीचा वेग त्याच्या ध्यानात आला नाही. अग्निबाणाची जुनी आज्ञावली तशीच वापरणाऱ्यांच्या आणि वेळ ३२ बिटांत बसवणाऱ्यांच्याही हातून, मर्यादा फार दूर आहे असे मानल्याने, तीच चूक झाली. चौसष्ट घरांचा पट आज पुरेसा वाटतो. तो कायम पुरेल असे मात्र कोणी समजू नये, हेच या वीस अंकांचा इतिहास सांगतो.

संख्येची ओळख थोडक्यात

संख्या : १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५
अंक : २०, अंकांची बेरीज ८७. त्यामुळे ३ ने भाग जातो, ९ ने जात नाही.
रूप : २ चा ६४ वा घात वजा १
द्विमान पद्धतीत : सलग चौसष्ट १
मूळ अवयव : ३, ५, १७, २५७, ६४१, ६५,५३७ आणि ६७,००,४१७
एकूण विभाजक : १२८
मागील घराशी नाते : शेवटच्या, चौसष्टाव्या घरातील दाणे हे आधीच्या त्रेसष्ट घरांतील एकूण दाण्यांपेक्षा एकाने जास्त